शंभर मेगावॅटचा सौर प्रकल्प : आधी जमीन, आधी तार, की आधी गिऱ्हाईक?

किरणशलाका
रविवार, रात्री १०:१५

मंडळी, गेली बारा वर्षं मी मुंबईत सौरऊर्जेच्या प्रकल्पांवर काम करते आहे. आजवर फाइल माझ्या टेबलावर यायची तेव्हा बाकी सगळं ठरलेलं असायचं. जमीन घेऊन झालेली, सबस्टेशन नक्की झालेलं, वीज कोण घेणार तेही ठरलेलं. मी अंधेरीच्या ऑफिसात बसून नकाशावर पॅनलच्या रांगा मांडायच्या, सावल्या मोजायच्या, केबल कुठून न्यायची ते बघायचं. हे काम मला येतं आणि मनापासून आवडतं.

आता पहिल्यांदाच कोरा कागद हातात आलाय. झांबिया देश, लुसाका शहराच्या आसपास, १०० मेगावॅट. एवढंच ठरलंय. जागा नाही, वाहिनी नाही, करार नाही.

उन्हाचा हिशोब करून ठेवलाय. जागतिक बँकेचा ‘ग्लोबल सोलर ॲटलास’ कुणालाही फुकट बघता येतो, पहिला अंदाज अर्ध्या तासात निघतो. ऊन उत्तम आहे. शिवाय लुसाका समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरहून उंच, म्हणजे जवळजवळ आपलं महाबळेश्वर. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं, तेव्हा हवा थंड असणं हा मोठाच फायदा. जमीन चारशे-पाचशे एकर लागेल.

ऑफिसात रोज विचारतात, ‘जागा बघितलीस का?’ मला मात्र आतून वाटतंय की हा पहिला प्रश्न नव्हे. मग पहिला प्रश्न कोणता? ज्यांनी हे केलंय त्यांनी अनुभव लिहा. कुठे फसलात तेही लिहा, मला त्याचाच जास्त उपयोग होईल.

तारतंत्री
सोमवार, सकाळी ६:५०

तार.

पारेषणात चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. जमीन एका ठिकाणी नाही तर दुसऱ्या ठिकाणी मिळते. रिकामी जागा असलेलं, क्षमता शिल्लक असलेलं सबस्टेशन मात्र सगळीकडे नसतं.

केनियात तुर्काना सरोवराजवळ ३१० मेगावॅटचा पवन प्रकल्प आहे. पवनचक्क्या २०१७ मध्ये उभ्या राहिल्या. वीज नेणारी वाहिनी चारशे किलोमीटरहून लांब, ती जोडली गेली सप्टेंबर २०१८ मध्ये. तोवर वारा वाहत होता, पाती तयार होती आणि एक युनिट बाहेर जात नव्हतं. करारात तसं लिहिलेलं असल्यामुळे भरपाई सरकारला द्यावी लागली, म्हणजे शेवटी तिथल्या वीजग्राहकाला.

दुसरं उदाहरण व्हिएतनाम. २०१७ मध्ये त्यांनी युनिटला ९.३५ अमेरिकी सेंट असा घसघशीत दर जाहीर केला. अट एकच, जून २०१९ संपायच्या आत प्लांट सुरू झाला पाहिजे. सगळे धावले. चार हजार मेगावॅटहून जास्त सौरवीज जवळपास एकाच हंगामात उभी राहिली, आणि त्यातला मोठा भाग निन्ह थुआन आणि बिन्ह थुआन या दोनच प्रांतांत, कारण ऊन तिथे चांगलं. वाहिन्यांना ती वीज पेलेना. भर दुपारी, चांगलं ऊन असताना, प्लांट कमी करायला सांगावे लागले.

तेव्हा ताई, नकाशा घ्या, आधी सबस्टेशनं मांडा. त्यांच्याभोवती दहा-पंधरा किलोमीटरची वर्तुळं काढा. जमीन त्या वर्तुळांत शोधा. झांबियाच्या वीजवाहिन्यांचा कणा ३३० केव्हीचा (किलोव्होल्टचा) आहे, आपल्यासारखा २२० आणि ४०० चा नाही, हे ट्रान्सफॉर्मर मागवताना लक्षात असू द्या. मोठा ट्रान्सफॉर्मर आज सांगितला आणि उद्या आला असं होत नाही. देशाला समुद्र नाही, तो दार-ए-सलाम किंवा डर्बनसारख्या बंदरात उतरून शेकडो किलोमीटर रस्त्याने जाणार. वाटेतले पूल मोजून ठेवा.

शिक्कामोर्तब
सोमवार, सकाळी ९:३०

काकांचा आदर राखून असहमत. आधी गिऱ्हाईक.

मी बँकेत प्रकल्पकर्जाचं काम बघतो. कोळशाच्या प्लांटला रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. सौर प्लांटला रोज काहीच घ्यावं लागत नाही. सगळा खर्च पहिल्याच दिवशी, आणि मग वर्षानुवर्षं त्याचे हप्ते. मुंबईत घर घेतलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

एक हिशोब मांडतो. समजा १०० मेगावॅटसाठी ३०० कोटींचं कर्ज, मुदत १५ वर्षं. वर्षभराची सरासरी २० टक्के क्षमता धरली तर १७ कोटी ५२ लाख युनिट होतात. ६ टक्के व्याजाने वर्षाचा हप्ता साधारण ३१ कोटी, म्हणजे युनिटमागे पावणेदोन रुपये. १२ टक्क्यांनी तोच हप्ता ४४ कोटी, म्हणजे युनिटमागे अडीच रुपये. ऊन तेच, पॅनल तेच, कामगार तेच. पंचाहत्तर पैशांचा फरक फक्त व्याजाचा.

आणि व्याज कशावर ठरतं? पैसे बुडायची भीती किती, यावर. वीज घेणारी कंपनी पैसे वेळेवर देईल का, सरकार बदललं तर करार टिकेल का. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर जुने करार उघडायचे ठरलं. प्रकरण कोर्टात गेलं, मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातला दर कायम ठेवला. मधली पावणेतीन वर्षं ज्यांनी हप्ते भरले त्यांना विचारा. झांबियाने तर नोव्हेंबर २०२० मध्ये परकीय कर्जाचा हप्ता चुकवलेला आहे. तिथल्या क्वाचा या चलनात वीज विकायची आणि डॉलरमध्ये कर्ज फेडायचं, हे गणित आधी सोडवा. सबस्टेशन नंतर बघू.

पावसाळी_भजी
सोमवार, सकाळी ९:५२

वाचनखूण साठवली. चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

मोजणीवाला
सोमवार, दुपारी १:१०

काका आणि बँकवाले दादा दोघंही बरोबर असतील. मी जमिनीचा माणूस आहे. मराठवाड्यात सात प्रकल्पांसाठी जमिनी बघितल्या, त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो.

दोनशे एकरांचा सलग तुकडा, सबस्टेशन चार किलोमीटरवर, मालक तयार. आम्ही मे महिन्यात गेलो. काळी माती, भेगा अशा की हात कोपरापर्यंत आत जावा. साहेब म्हणाले, सपाट आहे, झकास. बांधावर एक आजी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि एका बाभळीपाशी नेलं. खोडावर माझ्या कमरेच्या वर एक मळकट पट्टा होता, त्याच्याखाली साल वेगळ्याच रंगाची. म्हणाल्या, ‘बाबा, श्रावणात ओढा इथवर येतो. तुमचं काचंचं सामान कुठं ठेवनार?’

नकाशावर तो ओढा नव्हता. मोजणीच्या कागदात नव्हता. सातबाऱ्यावर तर कशाला असेल? आम्ही ऑगस्टमध्ये परत गेलो. अर्धा तुकडा पाण्याखाली होता आणि उरलेल्या अर्ध्यात पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. त्यात ठोकलेले खांब दोन-तीन वर्षांत वरखाली होतात, रांग वाकडी होते, काचेवर ताण येतो. मातीत खांब ठोकून तो उपटायला किती जोर लागतो याची चाचणी करतात, ती आम्ही मेमध्ये केली होती आणि उत्तम निकाल आला होता. मेमध्ये तो येणारच.

म्हणून ताई, तुमच्या वर्तुळातली जमीन पावसाळ्यात बघा. झांबियाचा पाऊस आपल्या उलट, नोव्हेंबर ते एप्रिल. आणि तिथल्या शेळ्या राखणाऱ्या आजीला आधी भेटा.

किरणशलाका
सोमवार, दुपारी २:०५

मोजणीवाला दादा, बाभळीचा पट्टा डोळ्यांपुढून हलत नाहीये. माझ्या बारा वर्षांच्या ड्रॉइंगांत किती ओढे बुजले असतील कोण जाणे.

शिक्कामोर्तब, तुमचा हिशोब वहीत उतरवून घेतला. बँक उत्पादनाचा कुठला आकडा धरते? सरासरी, की दहापैकी नऊ वर्षं तरी मिळेलच असा?

शिक्कामोर्तब
सोमवार, दुपारी २:४०

दुसरा. बोलीभाषेत पी-९०. सरासरीवर कर्ज दिलं तर निम्म्या वर्षी हप्त्याची ओढाताण. म्हणून उपग्रहाच्या आकड्यांवर थांबू नका, जागेवर पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजायचं यंत्र, लावून निदान एक वर्षाची मोजणी ठेवा. आकड्यातली अनिश्चितता कमी झाली की पी-९० वर सरकतो आणि कर्ज थोडं जास्त बसतं. ते यंत्र काही लाखांचं, फायदा कोटींचा. आणि त्याची काच रोज पुसायला एक माणूस नेमा. मळलेल्या काचेने वर्षभर कमी ऊन मोजलेली एक फाइल माझ्याकडे आली होती.

गच्चीवाला
सोमवार, संध्याकाळी ७:२०

मला हे सगळंच उलटं वाटतं. पाचशे एकर कुणाची तरी जमीन कशाला हवी? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांच्या छपरांसाठी योजना आणली. लुसाकातही छपरं असतीलच. गावाची माती, आजीच्या शेळ्या, ओढा, सगळं वाचेल.

तारतंत्री
सोमवार, रात्री ८:१५

छप्पर हवंच, त्याला विरोध नाही. पण आकार बघा. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर, म्हणजे १०० मेगावॅटला दहा लाख चौरस मीटर छप्पर, तेही सावलीविना. मुंबईत आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिश आणि शेजारच्या नव्या टॉवरची दुपारी तीननंतरची सावली वजा केली तर उरतं ते वाळवणापुरतं. आणि रुग्णालयं, पाण्याचे पंप, तांब्याच्या खाणी यांना लागणारी वीज कुठून तरी एकगठ्ठा आणावीच लागते.

लिंबू_सरबत
सोमवार, रात्री ८:२२

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीची परवानगी मिळण्याआधी ताईंचा झांबियातला प्लांट सुरू होऊन जाईल. :)

मावळची_लेक
सोमवार, रात्री ११:३०

गच्चीवाला यांचा प्रश्न इतक्या लवकर मिटवू नका.

मी मुंबईत वाढले, पण आजोळ मुळशी खोऱ्यातलं. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना वीज हवी म्हणून मुळशीला धरण बांधायचं ठरलं. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. तो लढा हरला. धरण झालं, गावं गेली, वीज मुंबईला आली. माझ्या आजीच्या माहेरच्या घराचं जोतं आजही उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं असं घरात सांगतात.

मी वीज नको म्हणत नाही. आत्ता दिव्याखाली बसूनच लिहितेय. पण शंभर वर्षांपूर्वी वीज स्वच्छ होती, पाण्याची होती, धूर नव्हता, आणि तरी ज्यांची जमीन गेली त्यांच्या पुढच्या पिढ्या मुंबईत गिरणीकामाला आल्या. सौर प्रकल्पालाही ‘स्वच्छ’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. किरणशलाका, तुमच्या पहिल्या प्रश्नांच्या यादीत जमीन, तार, गिऱ्हाईक आहे. त्या जमिनीवर आत्ता कोण आहे, हा प्रश्न चौथा नसावा, पहिला असावा.

मोजणीवाला
मंगळवार, सकाळी ७:४०

मावळची_लेक, पूर्ण अनुमोदन. पण जमीन विकत घेणं हा एकच रस्ता नाही, हेही सांगितलं पाहिजे.

कर्नाटकात तुमकुरु जिल्ह्यात पावगड म्हणून दुष्काळी तालुका आहे. तिथला २०५० मेगावॅटचा सौर पार्क साधारण तेरा हजार एकरांवर आहे आणि जमीन शेतकऱ्यांच्याच नावावर राहिली. सुरुवातीला एकरी वर्षाला २१ हजार रुपये भाडं, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार झाले. कोरडवाहू जमिनीला एवढं कुठलं पीक देतं?

पण भाडं सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. त्या शेतात मजुरीला येणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं. पावगडात हेच झालं, भूमिहीन मजुरांचं काम गेलं आणि भाडं दुसऱ्याला मिळालं. गायरान असेल तर प्रश्न आणखी बिकट, कारण त्यावर नाव कुणाचंच नसतं आणि गुरं सगळ्यांची चरतात.

कुंपण घालताना तर मी स्वतः चुकलोय. एका साइटवर आम्ही चारी बाजूंनी पक्की जाळी मारली. गावातून विहिरीकडे जाणारी पायवाट आत गेली. मालकाला माहीत होतं, तो बोलला नाही. बायकांना हंडे घेऊन सव्वा किलोमीटरचा वळसा पडला. तिसऱ्या महिन्यात जाळी कापलेली सापडली आणि आमचे लोक ‘चोरी झाली’ म्हणून तक्रार द्यायला निघाले. मी थांबवलं. कुंपण दोन भागांत केलं, मधून दहा फुटांची वाट सोडली. त्यानंतर जाळी कधी कापली गेली नाही.

किरणशलाका
मंगळवार, सकाळी १०:३०

आज ऑफिसात घडलेलं सांगते. जुन्या प्रकल्पाचा नमुना उघडला आणि त्यावरच लुसाकाची पहिली मांडणी केली. सगळे आकडे व्यवस्थित, उत्पादन मात्र अपेक्षेपेक्षा कमी. तासभर शोधत होते. मग दिसलं, पॅनलची तोंडं दक्षिणेला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपली पॅनलं दक्षिणेकडे बघतात. लुसाका साधारण १५ अंश दक्षिणेला, तिथे ती उत्तरेकडे बघायला हवीत. बारा वर्षांची सवय हातात इतकी भिनलेली. आता उत्तर-दक्षिण आसावर फिरणारे ट्रॅकर घ्यायचा विचार आहे, पॅनल सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला.

मावळची_लेक, तुमचं म्हणणं मान्य. यादी परत लिहितेय.

घाटमाथा
मंगळवार, दुपारी १२:१५

एक मुद्दा कुणी काढला नाही. झांबियाची बहुतेक वीज पाण्याची, करिबा आणि काफूए इथल्या धरणांची. २०२४ मध्ये दुष्काळ पडला, करिबाचा साठा तळाला गेला आणि देश अंधारात गेला. म्हणजे तुमच्या प्रकल्पाची खरी गरज तिथे आहे, आणि सोबतीलाही तीच धरणं आहेत.

मी जलविद्युतमध्ये होतो, म्हणून कोयनेवरून सांगतो. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट, पण पश्चिमेकडे सोडायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी एवढंच ठरवून दिलेलं. म्हणून ती दिवसभर चालवत नाहीत, मागणी चढली की चालवतात. झांबियातही तसंच करता येईल. दिवसा सौरवीज चालू असताना काफूएची यंत्रं कमी करायची, पाणी राखायचं, संध्याकाळी दिवे लागले की सोडायचं. बॅटरीशिवाय संध्याकाळची सोय होते. सौर प्रकल्प दुपारी वीज देतो ती तर देतोच, शिवाय धरणात पाणी ठेवतो.

पण हे आपोआप होत नाही. धरणाखाली मासेमार आहेत, पूरमैदानात शेती आहे, पाणी कधी किती सोडायचं याचे नियम आहेत. काफूए गॉर्जवर ९९० मेगावॅटची यंत्रं आहेत, ती किती वेळा खाली-वर करता येतील हे चालवणाऱ्यांनाच माहीत. जमीन बघण्याआधी त्यांच्याबरोबर बसा.

तारतंत्री
मंगळवार, दुपारी १२:५०

घाटमाथा, फार मोलाचं लिहिलंत. भर घालतो. तिथली कमाल मागणी अडीच हजार मेगावॅटच्या आसपास. त्यात १०० मेगावॅट एका ठिकाणी म्हणजे चार टक्के. एक काळा ढग आला की पाच मिनिटांत प्लांटची निम्मी वीज खाली. आपल्या देशात तेवढं कुणाला कळतही नाही. लहान जाळ्यात लगेच कळतं. दोन ठिकाणी पन्नास-पन्नास करता येतील का बघा, एकच ढग दोन्हींवर एकदम येत नाही.

लोकलमधली
मंगळवार, दुपारी १:३०

अवांतर : जाळं कोसळलं की काय होतं ते १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईने पाहिलं. कोविडमुळे लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. मी परिचारिका, रात्रपाळी संपवून घरी निघालेले. सकाळी दहाच्या सुमाराला दादर-माटुंगा मध्ये गाडी थांबली, पंखे थांबले. मास्कमध्ये घामाच्या धारा. माझ्या मनात एकच, वॉर्डातल्या मशिनांचं काय? जनरेटर लगेच लागला होता, ते नंतर कळलं. तेव्हापासून वीज हा शब्द ऐकला की मला ती शांतता आठवते. ताई, काम नीट करा.

लुसाकाची_चार_वर्षे
मंगळवार, रात्री ९:१०

आयडी बघून कळलंच असेल. यजमानांच्या नोकरीमुळे चार वर्षं लुसाकात होतो, २०२४ चा दुष्काळ तिथेच काढला.

लोकलमधली, तुम्ही लिहिलेली शांतता तिथे रोज होती. दिवसातले बारा तासांहून जास्त वीज नसायची, कधी रात्री दोनला यायची. आमच्या गल्लीच्या टोकाला मक्याची गिरणी होती. तिथे मक्याच्या पिठाचा न्शिमा हेच रोजचं जेवण, आपली भाकरी म्हणा ना. वीज रात्री दोनला यायची म्हणून बायका रात्री दोनला डोक्यावर मका घेऊन रांगेत उभ्या. पाठीला लेकरं बांधलेली. गिरणीवाला डोळे चोळत पट्टा चढवायचा. वीज साडेचारला जायची, उरलेल्या बायका मका घेऊन परत. स्वयंपाकाला लोक कोळसा वापरायचे, लाकडाचा. रस्त्याच्या कडेला पोत्यांच्या रांगा वाढत गेल्या आणि गावाबाहेरची झाडं कमी झाली. गच्चीवाला, तुमचा मुद्दा पटतो, पण त्या रांगेसाठी मला मोठा प्लांटही हवा आहे.

लुसाकाच्या दक्षिणेच्या औद्योगिक क्षेत्रात दोन सौर प्रकल्प २०१९ पासून चालू आहेत.

जमिनीबद्दल : तिथे बरीच जमीन पारंपरिक, म्हणजे चीफच्या अखत्यारीतली. १९९५ च्या जमीन कायद्याप्रमाणे ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेता येते, पण चीफची संमती लागते. एक लक्षात ठेवा. एकदा ती पट्ट्यात गेली की पुन्हा पारंपरिक होईल असं समजू नका. चीफने सही केली म्हणजे गावाने होकार दिला असंही नाही. कुणाचं शेत, कुणाची पुरलेली माणसं, कुठलं झाड पूजेचं, हे घरोघर फिरल्याशिवाय कळत नाही. केनियातल्या ज्या पवन प्रकल्पाचं काकांनी लिहिलं, त्याच्या जमिनीची कागदपत्रं नियमबाह्य असल्याचा निकाल २०२१ मध्ये मेरूच्या न्यायालयाने दिला. प्रकल्प उभा राहिल्यानंतर चार वर्षांनी.

शिक्कामोर्तब
मंगळवार, रात्री ९:५५

लुसाकाच्या ताईंनी ज्या दोन प्रकल्पांचा उल्लेख केला त्यांचा लिलाव २०१६ मध्ये जागतिक बँक समूहाच्या कार्यक्रमातून झाला. सगळ्यात कमी बोली युनिटला ६.०२ अमेरिकी सेंट, पंचवीस वर्षं तोच दर. त्या वेळी आफ्रिकेत तो आश्चर्याने बघितला गेला. आता मी माझंच वाक्य दुरुस्त करतो. तो दर आला कारण जागा, जोडणी, कराराचा मसुदा आणि पैशांची हमी, सगळं बोली लावण्याआधी एकत्र बांधून दिलेलं होतं. मध्य प्रदेशात रेवाच्या ७५० मेगावॅटचंही २०१७ मध्ये तसंच, पहिल्या वर्षीचा दर २ रुपये ९७ पैसे, आणि दिल्ली मेट्रोसारखं गिऱ्हाईक.

म्हणजे मी गिऱ्हाईक आधी म्हणत होतो, काका तार म्हणत होते. बँकेच्या टेबलावर या तिन्ही-चारही गोष्टी एकाच दिवशी याव्या लागतात. आणि कोर्टात गेलेल्या जमिनीवर मी कर्ज देणार नाही, दर काहीही असो. मावळची_लेक यांचा प्रश्न माझ्याही फाइलचा पहिला कागद आहे, इतके दिवस मी तो शेवटी लावत होतो.

सर्पमित्र_ठाणे
बुधवार, सकाळी ८:००

प्लांट बांधल्यानंतर पंचवीस वर्षं चालवायचाही आहे. मी तीन वर्षं साइट सांभाळली. पॅनलखाली गवत वाढतं, गवतात उंदीर, उंदरांमागे नाग-घोणस. उंदीर केबल कुरतडतात. तणनाशक मारू नका, पावसात ते शेजारच्या विहिरीत जातं. आम्ही गावातल्या धनगरांना मेंढ्या आत सोडू दिल्या, गवत आटोक्यात आलं. शेळ्या नको, शेळी पॅनलवर चढते. पॅनलची खालची कड मेंढीच्या पाठीपेक्षा वर ठेवा, हे ड्रॉइंगमध्येच करावं लागतं.

आणि धुवायचं पाणी. गावाला टँकर आणि पॅनलला टँकर एकाच रस्त्याने आले की जे होतं ते मी बघितलंय. कोरडे ब्रश, यंत्रं, जे परवडेल ते आधीच धरा.

किरणशलाका
बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आज साहेबांसमोर माझा कागद ठेवला.

पहिल्या पंधरवड्यात तिथल्या वीज कंपनीत बसायचं, धरणं चालवणाऱ्यांबरोबर आणि जाळं सांभाळणाऱ्यांबरोबर. पाणी कधी राखता येतं, कुठल्या सबस्टेशनात जागा आहे, पन्नास-पन्नासची दोन ठिकाणं जमतील का. मग वर्तुळं. वर्तुळातल्या प्रत्येक तुकड्यावर, भावाचं बोलणं सुरू होण्याआधी, स्थानिक भाषा बोलणारी दोन माणसं घरोघर जातील. पायवाटा, गुरांच्या वाटा, थडगी, मजुरीला येणाऱ्या बाया, सगळं नकाशावर येईल. दर आणि हमीचं बोलणं याच काळात समांतर. पायरॅनोमीटर पक्क्या दोन जागांवर. आणि अंतिम निवड एक पावसाळा बघितल्याशिवाय नाही.

साहेब म्हणाले, पावसाळ्याने सहा महिने जातील. मी त्यांना बाभळीची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जानेवारीचं तिकीट काढ.

मोजणीवाला
बुधवार, रात्री ११:०५

जानेवारीत जाताय ते उत्तम, पाऊस भरात असेल. गमबूट इथूनच घेऊन जा. आणि झाडांची खोडं बघत चाला.

लुसाकाची_चार_वर्षे
बुधवार, रात्री ११:२०

आमच्या गल्लीतल्या गिरणीचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय. जमलं तर एकदा जाऊन या. सकाळी दहाला जा आणि चालू आहे का ते मला कळवा.